तंबाखूचा विषाणू आयन सापळ्यात धरता येतो का?

निपाणीहून एका एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: "सर, आमच्या घरात आजोबांपासून तंबाखू आहे. पानावर मोझॅक पडला की बाबा कपाळाला हात लावून बसतात, आणि मला वाटतं की त्या विषाणूचं वजन करून बघावं. मास स्पेक्ट्रोमीटरवर होईल का? आमच्या विभागातलं यंत्र एम/झेड ३००० च्या वर जात नाही. फार मोठे आयन सापळ्यात धरता येत नाहीत असं वाचलं. पण व्होल्टेज वाढवून सोडलं की झालं न्हवं?"

(इतर वाचकांसाठी: आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण, मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे आयनांचं वजन करणारं यंत्र, एम/झेड म्हणजे वस्तुमान आणि भार यांचं गुणोत्तर, आणि आयन सापळा म्हणजे विजेच्या जोरावर आयन धरून ठेवणारा भाग.) तू जे वाचलंस ते अर्धंच खरं आहे. आयन मोठा आहे की लहान, याच्याशी सापळ्याला काही देणंघेणं नाही. योग्य ताल दिला की तो विषाणूही धरतो आणि पिठाचा कणही धरतो. भानगड आहे ती सापळ्याच्या दोन दारांवर. आत येताना मोठा आयन थांबत नाही, आणि आत थांबला तरी तो आहे हे आपल्याला कळत नाही. माझी पंचवीसेक वर्षं या दोन दारांपाशीच गेली, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी तुझ्या पाहुण्याची ओळख करून घेऊ. तंबाखू मोझॅक विषाणू, म्हणजे टीएमव्ही, ही ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाडीची एक काठी आहे. एकाच प्रथिनाच्या सुमारे २१३० प्रती जिन्यासारख्या गोल गोल रचलेल्या, आणि त्यांच्या आत सुमारे ६४०० अक्षरांचा आरएनएचा धागा. प्रथिनाची एक प्रत साडेसतरा हजार डाल्टनची (डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूएवढं वजन). सगळी बेरीज केली की ३ कोटी ९४ लाखांच्या आसपास येते. पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा असतो, हे शेजारी ठेवून बघ.

याला इलेक्ट्रोस्प्रेने, म्हणजे द्रावणाचा विद्युतभारित फवारा करून, हवेत उडवायचं. जॉन फेन यांना २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या कामासाठी मिळालं तेच हे तंत्र. विषाणू न मोडता, सौम्य द्रावणातून फवारला तर त्याच्यावर किती भार बसतो याचा एक ढोबळ हिशोब आहे: डाल्टनमधल्या वस्तुमानाचं वर्गमूळ काढायचं आणि ०.०७८ ने गुणायचं. शेवटच्या थेंबाच्या पृष्ठभागावर जेवढा भार मावतो तेवढाच आयनाच्या वाट्याला येतो, म्हणून हे सूत्र चालतं. आपल्या विषाणूला ते लावलं तर ४९० च्या आसपास भार येतात. खरं तर हे गोल कणाचं सूत्र. काठीवर याहून जास्त बसू शकतात, पण आपण ४९० च धरू. मग एम/झेड, म्हणजे वस्तुमान भागिले भारांची संख्या, ८० हजारांच्या घरात जातं. तुमच्या यंत्राची मजल ३००० पर्यंत.

(वस्तुमान, मास अशी शब्दांची सरमिसळ आपल्या भागात सगळ्यांचीच होते. दहावीपर्यंत मराठी शाळेत 'वस्तुमान' आणि 'प्रभार', पुढे कॉलेजात 'मास' आणि 'चार्ज', आणि लॅबमधल्या मामांशी कन्नड. मीही तिन्ही मिसळूनच बोलतो, तू लाजू नकोस.)

आता व्होल्टेजचं बघू. सापळा म्हणजे चार दांड्या, समोरासमोरच्या दोन एका तारेवर, उरलेल्या दोन दुसऱ्या तारेवर, आणि त्यांना उलटसुलट व्होल्टेज. स्थिर व्होल्टेजने आयन मधोमध धरता येत नाही. एका बाजूने दाबला तर दुसऱ्या बाजूने निसटतो. म्हणून बाजू सतत बदलत ठेवायच्या. वुल्फगांग पाउल हे समजावताना फिरत्या खोगिरावरच्या गोळ्याचं उदाहरण द्यायचे. १९८९ चं नोबेल त्यांना हान्स डेहमेल्ट आणि नॉर्मन रॅम्सी यांच्यासोबत मिळालं. मला मात्र आईचं सूप आठवतं. पाखडताना हाताला एक ताल असतो. त्या तालात फोल उडून जातं आणि दाणा सुपात राहतो. सापळ्यातही तसंच होतं, एका ठरावीक मर्यादेपेक्षा हलके आयन बाहेर फेकले जातात. आणि सुपात पाट्याचा वरवंटा ठेवलास तर? तो उडणार नाही, पण सुपाला जुमानणारही नाही. सूप जरा कललं की घरंगळून खाली. तुझा विषाणू हा वरवंटा आहे.

हा 'जुमानणं' मोजायचा आकडा म्हणजे क्यू. तो व्होल्टेज आणि भार यांच्या प्रमाणात वाढतो, आणि वस्तुमान, दांड्यांमधल्या जागेच्या त्रिज्येचा वर्ग, कंप्रतेचा वर्ग यांच्या प्रमाणात घटतो. क्यू ०.९०८ च्या वर गेला की आयन उडाला. फार कमी झाला की पकड सुटली. ०.४ च्या आसपास सुखाचं असतं. आता दांड्यांच्या मधल्या जागेची त्रिज्या १ सेंटिमीटर घे, कंप्रता तुमच्या यंत्रात असते तशी १ मेगाहर्ट्झ घे, आणि एम/झेड ८० हजारांसाठी क्यू ०.४ यायला किती व्होल्ट लागतील ते काढ. सव्वातीन लाख येतात. शेतातून जाणाऱ्या मनोऱ्यांच्या तारांवर २२० नाहीतर ४०० किलोव्होल्ट असतात. तू ते बोटाएवढ्या जागेत आणायला निघालीस. निर्वात असलं तरी ठिणगी पडायची ती पडणारच.

पण सूत्रात कंप्रतेचा वर्ग आहे ना! व्होल्टेज १००० च ठेव आणि कंप्रता ५५ किलोहर्ट्झवर आण, तोच क्यू मिळतो. एकच भार असलेला दहा लाख डाल्टनचा आयन घेतलास तरी साडेपंधरा किलोहर्ट्झ पुरतात, म्हणजे तरुण कानाला ऐकू येईल इतका खालचा सूर. म्हणून तुझ्या प्रश्नाला सरळ उत्तर असं की व्होल्टेज वाढवू नकोस, ताल संथ कर.

मग विकत मिळणाऱ्या यंत्रांत हे का करत नाहीत? कारण त्यांचं रेडिओ कंप्रतेचं व्होल्टेज गुंडाळी आणि धारित्र यांच्या अनुनादावर तयार होतं. झोपाळ्याला त्याच्या तालात हलके धक्के देत उंच नेतात तसं. झोपाळ्याची दोरी बदलल्याशिवाय त्याचा ताल बदलत नाही. त्यामुळे कंप्रता एकच आणि व्होल्टेज कमीजास्त, असा तो कारभार असतो. यावर उपाय निघाला तो डिजिटल आयन सापळ्याचा. गुंडाळी काढून टाकायची आणि दोन वेगवान मॉसफेट (ट्रान्झिस्टर) स्विचनी दांड्या आळीपाळीने वरच्या आणि खालच्या व्होल्टेजला जोडायच्या. लाट गोल न राहता चौकोनी होते, क्यूची वरची मर्यादा ०.९०८ ऐवजी ०.७१२ होते, आणि कंप्रता संगणकावरून हवी तशी हलवता येते. माझ्या मते मोठ्या आयनांसाठी हाच सरळ रस्ता आहे.

सापळा काय काय धरू शकतो यावर माझा स्वतःचाही आधी विश्वास नव्हता. वुर्कर, शेल्टन आणि लँगम्युर यांनी १९५९ मध्येच ॲल्युमिनियमची धूळ अशा सापळ्यात तरंगत ठेवली होती. शहापूरच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर मी ते करून बघितलं. पितळेच्या चार दांड्या, अक्रिलिकच्या दोन चकत्या, ३००० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि घरातली ५० हर्ट्झची वीज. कण म्हणून स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअर. त्याचा पंधरा मायक्रॉनचा एक कण सोळा कोटी कोटी डाल्टनचा भरतो, आणि तुझा विषाणू त्याच्यापुढे चार कोटींचा. प्लॅस्टिकच्या काडीला लोकर घासून तिच्या टोकावर पीठ घेतलं आणि दांड्यांच्या मध्ये हलकेच झटकलं. बाजूने हिरवा लेसर टाकला. बहुतेक पीठ खाली पडलं, पण सात-आठ कण तसेच राहिले, हवेत, कशालाही न टेकता. अक्षावरचा कण टिंबासारखा दिसतो, आणि अक्षापासून जरा सरकलेला एक छोटी उभी रेघ होतो, कारण तो सेकंदाला पन्नासदा वरखाली होत असतो. वजनामुळे सगळे अक्षाच्या किंचित खाली लोंबतात. खाली एक पट्टी ठेवून तिला थोडं स्थिर व्होल्टेज दिलं की हळूच वर उचलले जातात. आमच्या हिने ते बघून "दृष्ट लागेल" म्हटलं होतं.

हे करणार असशील तर तारेत दहा मेगाओहमचा रोधक घातल्याशिवाय ट्रान्सफॉर्मर चालू करायचा नाही, आणि एक हात खिशात. ३००० व्होल्ट दुसरी संधी देत नाहीत. आणि हे जुलैत करायला जाऊ नकोस. मी पहिल्यांदा पावसाळ्यातच केलं. बेळगावचा पाऊस तुला माहीत आहे, घरातली पापडं दोन दिवसांत नरमतात. अक्रिलिकवर न दिसणारा ओलावा धरतो, त्यावरून व्होल्टेज गळतं, आणि काडीवरचा भारही टिकत नाही. आठ दिवस मी जोडण्या तपासत बसलो होतो. संक्रांतीच्या सुमारास त्याच दांड्या, तेच पीठ, आणि पहिल्याच झटक्यात कण टांगले गेले.

तर धरणं जमतं. आता पहिल्या दाराकडे येऊ.

इलेक्ट्रोस्प्रे बाहेर, हवेच्या दाबाला होतो. तिथून आयन बारीक नळीतून किंवा छिद्रातून निर्वातात ओढले जातात. हवा निर्वातात घुसताना जोराने फाकते आणि आयनांना सोबत नेते. यातली मेख अशी की लहान आयन आणि मोठा आयन दोघांनाही ती जवळपास एकाच वेगाला आणते, सेकंदाला काही शे मीटर. आपण ५०० धरू. वेग एकच, मग ऊर्जा सरळ वस्तुमानाच्या पटीत. आपल्याकडे गळीत हंगामात संकेश्वर-चिकोडी रस्त्यावर उसाच्या दोन दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आणि त्याच्या शेजारून त्याच वेगाने जाणारी सायकल तू बघितली असशील. सायकल पायानेही थांबते. ट्रॉल्या उतारावर सुटल्या तर चौकातला हवालदार आधी बाजूला होतो.

आकडे बघ. १००० डाल्टनचा साधा आयन ५०० मीटरच्या वेगाने आला तर त्याची ऊर्जा १.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट (एका भाराला एक व्होल्टने मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट). काहीच नाही. टीएमव्हीची ५१ हजार. त्याच्यावर ४९० भार आहेत, म्हणून प्रत्येक भारामागे १०४ व्होल्ट. आता आपण वर ठरवलेल्या सापळ्याची खोली काढ, म्हणजे दांड्यांच्या दिशेने तो किती व्होल्टपर्यंत आयनाला अडवू शकतो ते. चार दांड्यांच्या सापळ्यात ती क्यू गुणिले व्होल्टेज भागिले चार असते. ०.४ गुणिले १००० भागिले ४, म्हणजे १००. पाहुणा १०४ घेऊन आला आणि कुंपण १०० चं आहे! येताना जरा तिरका झाला की कुंपणावरून पलीकडे. आणि टीएमव्हीवर निदान ४९० भार तरी आहेत. लेसरने उडवलेल्या आयनांवर एखाद-दुसराच भार असतो. तिथे दहा लाख डाल्टनच्या एकभारी आयनाला थांबवायला एकट्या त्याच्यासाठी १३०० व्होल्ट लागतील. ज्या पुस्तकात 'धरता येत नाही' असं लिहिलं आहे, त्याला हेच म्हणायचं असतं.

तू म्हणशील, अक्षाच्या दिशेने शेवटी २०० व्होल्टची भिंत उभी करू. कर. आयन तिच्यावर चढेल, थांबेल, मागे वळेल आणि जेवढी ऊर्जा घेऊन आला तेवढीच घेऊन आल्या वाटेने निघून जाईल. उंच भिंतीने ऊर्जा संपत नाही. संपवायला काहीतरी घासलं पाहिजे, आणि निर्वातात घासायला वायूशिवाय दुसरं काही नसतं.

म्हणून सापळ्यात किंवा त्याच्या आधीच्या दांड्यांमध्ये थोडा नायट्रोजन किंवा आर्गॉन ठेवतात. ट्रॉलीवर चिलटं आदळवून ती थांबवायची, असला हा प्रकार. ढोबळ नियम असा की आयनाने स्वतःच्या वजनाइतका वायू वाटेत अंगावर घेतला की वेग साधारण ३७ टक्क्यांवर येतो. १००० डाल्टनच्या आयनाला नायट्रोजनचे ३६ रेणू पुरतात. टीएमव्हीला १४ लाख. ऐकून धडकी भरते, पण आकाराची मदत मिळते. अंग मोठं तर धडकाही जास्त. वस्तुमान हजारपट झालं तर तसाच गोल आयन थांबायला लागणारं अंतर दहापटच वाढतं. ०.१ मिलिबार दाबाला लहान आयनाला ते अंतर अर्धा सेंटिमीटर येतं, आणि आपल्या काठीला तेरा-चौदा सेंटिमीटर. असं तीनदा झालं, म्हणजे चाळीस सेंटिमीटर गेली, की ऊर्जा चारशेव्या हिश्शावर येते. १०४ व्होल्टचा उरतो पाव व्होल्ट. मग १०० च्या कुंपणात तो सुखाने बसतो. फक्त तो वायू स्वतः वाहता नको. फवाऱ्यासोबत वाहणारा वायू ब्रेक लावत नाही, ढकलत नेतो.

हे मी सूत्रातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. मी नवा होतो तेव्हा एका प्रयोगशाळेत आम्ही ग्रोईएल नावाचं प्रथिनसंकुल बघायचा प्रयत्न करत होतो. चौदा तुकड्यांचं, आठ लाख डाल्टनचं, ७० च्या आसपास भार, एम/झेड साडेअकरा हजार. या क्षेत्रातलं हे नेहमीचं परीक्षेचं गणित. तीन आठवडे काही दिसेना. मी व्होल्टेज बदलली, ॲम्प्लिफायर बदलला, नमुना तीनदा नव्याने केला. एका सोमवारी सकाळी यंत्र लावलं आणि आलेखात साडेअकरा हजारापाशी शिखरं उभी, कंगव्याच्या दातांसारखी. मी काहीही केलं नव्हतं. खाली वाकून बघितलं तर पुढच्या रोटरी पंपाची झडप अर्धी बंद. शनिवारी पंपाचं तेल बदलणाऱ्या मामांकडून ती पूर्ण उघडायची राहिली होती. मी शिस्तीचा माणूस, झडप पूर्ण उघडली, दाब १ मिलिबारवर नीट आणला, आणि शिखरं गेली. पुन्हा अर्धी बंद केली, दाब ७ वर चढला, शिखरं परत. असं मी चारदा केलं. पाचव्यांदा मामांना चहा पाजला.

म्हणजे पुढच्या कप्प्यात वायू जास्त असला की मोठे आयन तिथेच दमतात आणि पुढच्या दांड्यांना सापडतात. मूळ प्रथिनं न मोडता मोजणारे लोक हे आजही करतात. कुणी झडप आवळतं, कुणी नायट्रोजनऐवजी झेनॉन घालतं. झेनॉनचा अणू १३१ डाल्टनचा, त्यामुळे कमी धडकांत काम होतं.

आत आलेला आयन पाण्याचे आणि मिठाचे रेणू अंगावर घेऊन येतो, हाही एक ताप आहे. द्रावणात साधं मीठ चालत नाही, अमोनियम ॲसिटेट वापरायचं, कारण ते गरम झालं की उडून जातं. सोडियम राहिला तर शिखरं चिखलात रुतल्यासारखी पसरतात. इथे पाट्या टाकायच्या नाहीत, एवढंच सांगतो.

दुसरं दार जास्त अवघड आहे. नेहमीच्या डिटेक्टरवर आयन जोरात आदळतो आणि पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उडवतो. हे उडणं वेगावर ठरतं. २० हजार व्होल्टने ढकललेला १००० डाल्टनचा एकभारी आयन सेकंदाला ६२ किलोमीटरने आदळतो. तेवढ्याच व्होल्टने ढकललेला टीएमव्ही सातने, आणि दहा लाखांचा एकभारी आयन जेमतेम दोनने. चौकार आणि फॉरवर्ड डिफेन्स यात जो फरक तोच. आयन आदळतो, पण घंटा वाजत नाही. मोठ्या आयनांवरच्या कितीतरी प्रयोगांत 'सापळा रिकामा' अशी नोंद झाली असेल आणि सापळा मात्र भरलेला असेल, असा मला दाट संशय आहे.

आणि घंटा वाजली तरी वजन कळत नाही. आपण मोजतो एम/झेड. झेड वेगळं कळायला शेजारशेजारची शिखरं सुटी दिसावी लागतात. ४९० भारांचं आणि ४९१ भारांचं शिखर ८० हजारांपाशी एकमेकांपासून फक्त १६३ वर असतं. मीठ-पाण्याने आणि विषाणूंमधल्या किरकोळ फरकांनी शिखर याहून सहज रुंद होतं. सगळं मिळून एक टेकडी दिसते. टेकडीवरून झेड मोजता येत नाही.

त्यावर जो तोडगा निघाला तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. एका वेळी एकच आयन घ्यायचा. त्याला दोन विद्युत आरशांच्या मध्ये सोडायचा, आरसे त्याला पुढेमागे परतवत राहतात. मध्ये एक धातूची नळी. आयन नळीत शिरला की त्याच्या भाराएवढा उलटा भार नळीवर उमटतो, बाहेर पडला की पुसला जातो. किती वेगाने उमटतो-पुसतो त्यावरून एम/झेड, आणि किती उमटतो त्यावरून थेट झेड. दोन्हींचा गुणाकार केला की वजन. आदळायचं नाही, फोडायचं नाही. हेन्री बेनर यांनी १९९७ मध्ये असा सापळा मांडला, आणि पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात मार्टिन जॅरोल्ड यांच्या गटाने तो घासूनपुसून इतका तरबेज केला की भार नेमका मोजता येऊ लागला. आयन जितका वेळ फिरत राहील तितक्या फेऱ्या, आणि चूक वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. चौपट वेळ थांबलं की चूक निम्मी. इथे मात्र सापळ्यात वायू बिलकुल नको, नाहीतर आयन वाटेतच दमेल. ज्या वायूसाठी आधी एवढा खटाटोप केला, तोच इथे पंप लावून उपसून काढायचा. २०२० मध्ये दोन गटांनी हीच एकेका आयनाची मोजणी ऑर्बिट्रॅप या विकत मिळणाऱ्या आयन सापळ्यात करून दाखवली, आणि तेव्हापासून ती थोड्याफार सामान्य प्रयोगशाळांच्या आवाक्यात येऊ लागली.

हे कुणाला एवढं हवंय, असं वाटेल. जीन उपचारात एएव्ही नावाचा छोटा विषाणू औषधाची पिशवी म्हणून वापरतात. रिकामी पिशवी ३७ लाख डाल्टनच्या आसपास, भरलेली ५० लाखांच्या पुढे. कुपीत किती भरलेल्या आणि किती रिकाम्या हे औषध कंपनीला कळावं लागतं. पैसा तिथून येतो.

तुझ्या विषाणूचं बोलायचं तर भार मोजण्यात एकाची चूक झाली तरी वजनात ८० हजारांची चूक होते. मोठी वाटते. पण आतल्या आरएनएचं वजनच २० लाखांच्या आसपास आहे. पाच भारांची चूक झाली तरी आरएनए असलेली काठी आणि नसलेली काठी वेगळी ओळखू येईल.

आणि हे आता बाबांना वाचून दाखव. १९९६ मध्ये गॅरी सियुझ्डॅक यांच्या गटाने टीएमव्ही मास स्पेक्ट्रोमीटरमधून पाठवला, आत एका पट्टीवर पकडला आणि बाहेर काढून बघितला. काठी शाबूत होती. तो तंबाखूच्या रोपाला लावला तर रोपाला मोझॅक झाला. निर्वातातून, विजेच्या जाळ्यातून जाऊन आलेला विषाणू तुमच्या पिकाचं नुकसान करायला तितकाच ताजा होता. २००१ मध्ये त्याच मंडळींनी बेनर यांच्यासोबत भार मोजण्याच्या पद्धतीने त्याचं वजन केलं, आणि ते चार कोटींच्या आसपासच भरलं. सापळ्यात फिरवत ठेवून नाही, नळीतून एकदाच जाऊ देऊन. म्हणून त्या आकड्यात नेमकेपणा कमी आहे.

तुझ्या प्रकल्पाला सहा महिने असतील. त्यात विषाणूच्या मागे लागू नकोस. विषाणू शुद्ध करणं हे वनस्पतिशास्त्रवाल्यांचं वेगळं काम आहे, आणि भार मोजणारं यंत्र सहज हाताशी नसतं. तू असं कर. आधी पायथॉनमध्ये मॅथ्यूचं समीकरण, म्हणजे सापळ्यातल्या आयनाच्या हालचालीचं समीकरण, सोडव, त्यात वायूचा विरोध घाल, आणि ५०० मीटरने आलेली काठी किती दाबाला, किती लांबीत थांबते ते काढ. मी वर दिलेले आकडे कागदावरचे आहेत. त्यात वेग कमी झाल्यावर वायूचा विरोध बदलतो हे धरलेलं नाही. माझे आकडे चुकले तर मला आनंदच होईल. बेंगळूरच्या आयआयएससीमध्ये सापळ्यांच्या दांड्यांच्या आकारावर चांगलं काम झालेलं आहे, ते मिळवून वाच.

दुसरं म्हणजे पिठाचा सापळा बांध, पण घरातल्या ५० हर्ट्झवर नको. ऑडिओ ॲम्प्लिफायर आणि चढता ट्रान्सफॉर्मर घेतलास तर ३० ते ३०० हर्ट्झपर्यंत ताल बदलता येईल. एक कण धर, कंप्रता हळूहळू कमी कर, आणि तो कोणत्या आकड्याला उडतो ते लिही. तो आकडा म्हणजे त्याचं एम/झेड. हवेमुळे सीमा सरकते, म्हणून पहिल्या भागातल्या गणिताने ती दुरुस्त कर. म्हणजे दोन्ही भाग एकमेकांना जोडले जातील आणि परीक्षक बाहेरून आलेला असला तरी त्याला विचारायला भरपूर मिळेल.

दांड्या गोल चालतील, अपास्ताच्या (हायपरबोलाच्या) आकाराच्या नकोत. दांडीची त्रिज्या मधल्या जागेच्या त्रिज्येच्या १.१३ पट ठेव, म्हणजे १ सेंटिमीटरला ११.३ मिलिमीटर. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकचे स्पूल मायक्रॉनमध्ये लॅप करणारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी तुझं काम म्हणजे जेवणाच्या सुट्टीतलं. मात्र ड्रॉइंग नीट काढून ने, तोंडी सांगू नकोस. 'अंदाजे' हा शब्द तिथे चालत नाही. चकत्या अक्रिलिकच्या नको, टेफ्लॉनच्या घे, त्यांच्यावर ओल कमी धरते.

आता पाऊस आहे. ड्रॉइंग आणि गणित या दोन महिन्यांत उरक, दांड्या दिवाळीपर्यंत मिळतील. पीठ जानेवारीत घालू.